लिटरला किती देते?

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात आमच्या इस्लापूरचं नाव आहे. हैदराबाद राज्यातला कोणता मुलूख मुंबई राज्याला जोडायचा याची यादी करताना आदिलाबाद जिल्ह्यातल्या किनवट आणि राजुरा तालुक्यांबरोबर ‘बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल’ असं वेगळं लिहिलेलं आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही नांदेड जिल्ह्यात आलो. कचेरी बदलली, पण बाजार काही एका बाजूला झाले नाहीत. कापूस आदिलाबादला किंवा भोकरला, हळद निजामाबादला नाहीतर वसमतला, मिरची धर्माबादला आणि पुढे सोयाबीन आलं तेव्हा ते लातूरच्या मोंढ्यात. यातलं एकही गाव हाकेच्या अंतरावर नाही. एका अंगाला पैनगंगा आणि सहस्रकुंडचा धबधबा, दुसऱ्या अंगाला सागवानाचं जंगल, मधून मुदखेड-आदिलाबादची रेल्वे. माल मोंढ्यावर न्यायचा तर गाडी लागते, आणि गाडीचं भाडं कास्तकाराच्या पदरात पडणाऱ्या पैशातून जातं. म्हणून आमच्याकडे नवी गाडी कुणी आणली की तिचा रंग कुणी विचारत नाही. विचारतात ते एकच, लिटरला किती देते?

माझं आयुष्य याच पट्ट्यातल्या गॅरेजांत गेलं. कंपनीनं गाडी कशी बनवली हे कंपनीच्या पुस्तकात सापडतं. ती गाडी किनवट-हिमायतनगर रस्त्यावर आल्यावर लोकांनी तिच्या पोटात काय काय बदललं, कशासाठी बदललं आणि त्यातलं काय टिकलं, हे मात्र कुठल्या गॅझेटियरमध्ये नाही. ज्यांनी ते केलं त्यांच्यातले बरेच जण आता नाहीत.

तेलासाठी गाडीत फेरफार करायची रीत आमच्या पिढीची नव्हे. निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली २७ बसगाड्या घेऊन रस्ते वाहतूक सुरू केली आणि या मुलखाला मोटारीची सवय लागली. दुसरं महायुद्ध आलं, पेट्रोल रेशनवर गेलं, तेव्हा देशभर बसच्या आणि लॉरीच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसल्या. लाकडी कोळसा अर्धवट जाळायचा, निघालेला गॅस गाळून इंजिनाला द्यायचा. ताकद बरीच उतरायची. आमच्या गॅरेजच्या उस्तादांनी लहानपणी अशी बस पाहिली होती. चढ आला की कंडक्टर लोकांना खाली उतरवायचा आणि ते बसच्या बरोबरीनं चालायचे, असं ते सांगत. युद्ध संपलं, पेट्रोल सुटं झालं आणि भट्ट्या भंगारात गेल्या.

खरा इतिहास सुरू होतो जीपपासून. महिंद्रांची कंपनी १९४५ ची, आणि १९४७ पासून त्यांनी मुंबईत जीप जोडायला घेतली. पिकअप नावाची गाडी आमच्याकडे येण्याच्या कितीतरी आधी पिकअपचं काम जीपच करत होती. सैन्याच्या लिलावातली, जंगल खात्याच्या लिलावातली, कुणा ठेकेदारानं वापरून टाकलेली. मागचा टप काढायचा, चासी लांबवायची, वर सागाच्या फळ्यांचा हौदा बसवायचा, मागे साखळीचा फाळका. झाली मालगाडी. इंजिन मात्र पेट्रोलचं, ‘हरिकेन’ नावाचं, चार सिलिंडरचं, सव्वादोन लिटरच्या आसपासचं. दणकट होतं यात शंका नाही. पण भरल्या हौद्यानं लिटरला सहा-सात किलोमीटर दिले तर मालक देवापुढे नारळ फोडायचा.

१९७३ चं तेलसंकट आणि त्यानंतर १९७९ चं, या दोन तडाख्यांनी पेट्रोलची जीप मालवाहतुकीला परवडेनाशी झाली. सरकारनं शेती आणि एसटीसाठी डिझेल स्वस्त ठेवलं होतं. नव्वदच्या आगेमागे तर डिझेलला पेट्रोलच्या निम्माही भाव नव्हता. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा जास्त, आणि डिझेल इंजिन हवेला वीस-बावीस पट दाबतं, तिथे त्या जुन्या पेट्रोल इंजिनाचा दाब सातेक पटीचा. म्हणजे तेल स्वस्त, आणि लागतंही कमी. मग लोकांनी सरळ हिशेब केला. जीप ठेवायची, इंजिन बदलायचं.

याला आम्ही ‘डिझेल करणं’ म्हणायचो. ‘मामाची जीप डिझेल केली’ एवढं म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

कोणतं इंजिन घालायचं यावर गॅरेजात रात्र रात्र वाद चालत. एक पक्ष प्युजोचा. महिंद्रांनी फ्रान्सच्या प्युजो कंपनीकडून परवाना घेऊन बनवलेलं २,११२ सीसीचं इंजिन, पळायला हलकं, आवाज बरा. दुसरा पक्ष मॅटाडोरचा, म्हणजे पुण्याच्या आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या गाडीत मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं इंजिन यायचं, ते. आणि तिसरा पक्ष ट्रॅक्टरवाल्यांचा. इंटरनॅशनलचा बी-२७५ ट्रॅक्टर १९६० च्या दशकात महिंद्रांच्या भागीदारीतल्या कंपनीनं इथे बनवायला घेतला होता. त्याचं पुढचं इंजिन थेट पिस्टनच्या डोक्यावर डिझेल मारणारं. प्युजोत डिझेल आधी शेजारच्या छोट्या कोठीत पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं. त्या वाटेत थोडी उष्णता भिंतींना जाते. ट्रॅक्टरच्या इंजिनात ही गळती नाही, म्हणून ते सगळ्यांत कमी पिणारं. मी स्वतः ट्रॅक्टरच्या पक्षाचा, आजही.

पण ते बसवणं म्हणजे साधं काम नव्हतं. इंजिन वजनाला भारी, समोरचे पाटे बसून जायचे, म्हणून एकेक पाटा वाढवावा लागे. हादरा इतका की फाउंडेशनचे ब्रॅकेट तडकत. जीपचा गिअरबॉक्स आणि ट्रॅक्टरचं इंजिन यांची तोंडं जुळत नाहीत, म्हणून मधे जाड लोखंडी प्लेट लागे. ती नांदेडच्या लेथवर कातून आणायची. सगळी कसोटी त्या प्लेटच्या मध्यबिंदूत होती. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य केसभर जरी सरकला तरी गाडी चालायची, मालक खूश होऊन घरी जायचा आणि दोन महिन्यांत क्लचप्लेट नि बेअरिंग खाऊन परत यायचा. आमचे उस्ताद प्लेट बोल्टवर कसण्याआधी क्रँकवर डायल लावून ती हातानं पूर्ण फिरवत आणि काट्याकडे बघत राहत. काटा हलला की प्लेट परत लेथवर. गिऱ्हाईक कितीही घाई करो, “दादा, चहा घ्या” एवढंच त्यांचं उत्तर.

एवढं करून गाडी रस्त्यावर यायची ती किंचाळत यायची. कारण ट्रॅक्टरचं इंजिन मिनिटाला दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांच्या वर जात नाही आणि जीपचा मागचा कणा पेट्रोलच्या वेगवान इंजिनासाठी बनवलेला. त्याच्या क्राऊनला त्रेचाळीस दात, पिनियनला आठ. म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या पाच फेऱ्यांहून जास्त. चाळीसच्या वर काटा गेला की इंजिन फुटेल की काय असं वाटायचं. मग हैदराबादच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आठ-एकोणचाळीसचा जोड शोधून आणायचा. पैसेवाला असेल तर वरचा गिअर जास्तीचा असलेला पाच गिअरचा बॉक्स. तेच इंजिन, तीच गाडी, पण त्याच वेगाला इंजिन कमी फिरणार, म्हणून डिझेल कमी. इंजिन बदलल्याचं नाव सगळे घेतात, क्राऊन-पिनियनचं कुणी घेत नाही. माझ्या मते निम्मं यश त्या दातांचं होतं. अशी नीट केलेली जीप मालासकट लिटरला बारा-तेरापर्यंत जायची. पेट्रोलच्या सहा-सातवर रडणाऱ्या माणसाला, तेही निम्म्या भावाच्या तेलावर, याचा अर्थ काय होता हे मोंढ्यात माल नेलेल्यालाच कळेल. आमच्या भागातल्या तांड्यांवर आणि गुड्यांवर पहिल्यांदा चारचाकी मालकीची झाली ती अशा डिझेल केलेल्या जीपमुळे. नवी गाडी घ्यायची ऐपत कुणाची होती?

कायद्याचं बघायचं तर इंजिन बदलल्यावर आरटीओकडे जाऊन आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम फेरफारांसाठीच आहे. नीट कागद करणारे होते, न करणारेही होते. पुढे नियम कडक होत गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टच सांगितलं की कंपनीनं बनवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालणार नाही. ब्रेक ज्या वजनासाठी बनले त्याहून जड इंजिन वर बसतं, हे खरंच आहे. त्या निकालाशी माझं भांडण नाही.

इंजिन घालणं हे एकदाचं काम. अ‍ॅव्हरेज टिकवणं हे रोजचं, आणि ते पंप-नोझलवर उभं आहे. बंगळूरच्या मायको कंपनीचा पंप हा आमच्या धंद्याचा आत्मा होता. १९५१ पासूनची ही कंपनी, पुढे नाव बॉश झालं, पण आमच्याकडे आजही म्हातारे लोक मायकोच म्हणतात. नोझल उघडून टेस्टरवर चढवायचा. हातानं दांडा दाबायचा. काटा चढत जातो, ठरलेल्या दाबावर नोझल उघडतो आणि कर्रर असा आवाज करून फवारा मारतो. फवारा धुक्यासारखा, चारी अंगांनी सारखा पाहिजे. एका बाजूला दोरी सुटली किंवा फवारा थांबल्यावर टोकाला थेंब लोंबकळला, तर तो नोझल रोज डिझेल पितोय. तो थेंब जळत नाही, काळा धूर होऊन सायलेन्सरातून जातो. दाब कमी भरला तर स्प्रिंगखाली कागदासारखी पातळ वायसर घालायची. फवाऱ्यासमोर बोट धरायचं नाही, हे शिकायला येणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी सांगायचं, कारण तो दाब कातडीतून आत जातो.

पंपाच्या मागे एक स्क्रू असतो, जास्तीत जास्त किती तेल सोडायचं ते ठरवणारा. कंपनी त्याला शिशाचं सील मारते. ड्रायव्हर यायचे आणि म्हणायचे, “उस्ताद, चढाला दम नाही, जरा खोला ना.” सील तोडून अर्धा आटा फिरवला की गाडी उडते, पण मागे काळा ढग निघतो आणि अ‍ॅव्हरेज दोन किलोमीटरनं खाली येतं. मग तोच ड्रायव्हर मालकाला घेऊन येतो. मालक म्हणतो, “तात्या, गाडी लई प्यायला लागली.” गॅरेजवाल्याची नियत या स्क्रूवर कळते.

याच काळातली एक घाण गोष्ट सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. रेशनचं निळं रॉकेल डिझेलच्या मानानं फारच स्वस्त होतं आणि ते टाकीत जात होतं. इंजिन चालायचं. पण त्या पंपाच्या प्लंजरला वंगण म्हणून वेगळं काही नसतं, त्यातून वाहणारं डिझेलच त्याचं वंगण. रॉकेल पातळ आणि कोरडं. प्लंजर घासून जायचा, दाब उतरायचा आणि वाचवलेले पैसे पंपाच्या दुरुस्तीत जायचे. हे झालं छोट्या माणसाचं. मोठ्यांचा धंदा टँकरांचा होता. मराठवाड्याला डिझेल-पेट्रोल येतं ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून, आणि त्याच पानेवाडीजवळ २५ जानेवारी २०११ रोजी भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं. मराठवाडा त्या डेपोपासून किती लांब आहे याची किंमतही आम्ही रोज मोजतो. २०१८ मध्ये भाव चढले तेव्हा परभणीचं पेट्रोल राज्यात सगळ्यांत महाग म्हणून बातम्यांत होतं.

भाव चढले की बाटल्या विकणारे येतात. टाकीत टाकायचं औषध, पाइपावर बांधायचं चुंबक, हवेच्या नळीत बसवायचा पंखा, पाण्यापासून गॅस करणारी डबी. पाण्याच्या डबीत तर उघड खोट आहे. पाणी फोडायला वीज लागते, ती गाडीच्याच अल्टरनेटरकडून येते, आणि अल्टरनेटर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. म्हणजे डिझेल जाळूनच ती वीज झाली, आणि वाटेत तोटा झाला तो वेगळाच. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं अशी शंभरावर उपकरणं तपासली आणि लक्षात येण्याजोगा फायदा देणारं एकही सापडलं नाही. १९९६ मध्ये तामिळनाडूच्या रामर पिल्लैनं झाडपाल्याचं पेट्रोल दाखवून सगळ्या देशाला वेड लावलं होतं; २०१६ मध्ये न्यायालयानं त्याला शिक्षा दिली. आमच्या बाजारात अजूनही आठवड्याच्या आठवड्याला कुणीतरी बाटली घेऊन येतो आणि गरीब ड्रायव्हर ती घेतो, याचं मला वाईट वाटतं. तेवढ्या पैशात एअर फिल्टर नवा येतो.

कारखान्याच्या पिकअपनं जीपचा काळ संपवला. टाटांची ४०७ आली १९८६ मध्ये, त्यानंतर दोन वर्षांनी २०६ पिकअप. बोलेरो २००० मध्ये आली आणि तिचा पिकअप आमच्या रस्त्यांचा राजा झाला. त्यातलं अडीच लिटरचं थेट फवाऱ्याचं इंजिन उघडलं की आम्हाला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटायचं. जे आम्ही गॅरेजात चिखल तुडवत जोडत होतो ते कंपनीनं नीट जोडून दिलं होतं. २००५ च्या मे महिन्यात टाटांचा एस आला, ७०२ सीसीचा, दोन सिलिंडरचा. लोकांनी त्याला छोटा हत्ती म्हटलं आणि त्यानं गावोगावच्या डिझेल केलेल्या जीपांना कायमचं झाडाखाली उभं केलं. ज्याला थोडीच पोती न्यायची त्यानं टनाची गाडी का पळवावी?

कारखान्याच्या पिकअपवर आमच्या लोकांनी पुढे जे बदल केले त्यात मला मनापासून पटलेले दोनच. एक, नायलॉनचे टायर काढून रेडियल घालणं. रेडियलची बाजू मऊ, त्यामुळे टायर जमिनीवर कमी रगडतो, म्हणून गाडी हलकी ओढते. दुसरा, केबिनवर बसवलेला उतरता पत्रा. हा कापसाच्या गाड्यांना. कापूस वजनाला हलका पण तट्टे लावून केबिनच्या दुप्पट उंच चढवलेला असतो आणि वारा त्या भिंतीवर येऊन आदळतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, साठला जो असतो तो ऐंशीला जवळजवळ पावणेदोनपट होतो. सोयाबीनची भरलेली गाडी वजनानं पिते, कापसाची वाऱ्यानं पिते. पेट्रोलियम संवर्धनवाले ताशी ४५ ते ५५ ठेवा म्हणतात ते याचसाठी. एसटीचे जुने ड्रायव्हर हे न सांगता जाणत, कारण दहा लिटरला किती किलोमीटर यावर त्यांचा डेपोत हिशेब व्हायचा.

पाटे वाढवून जास्त माल भरणाऱ्यांना सगळे शिव्या देतात, पण त्यांचंही गणित समजून घ्यायला हवं. जास्त भरलं की किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज पडतं, क्विंटलमागचं डिझेल मात्र कमी होतं. मालकाला क्विंटलचं भाडं मिळतं, किलोमीटरचं नाही. म्हणून तो भरतो. ब्रेक आणि कणा त्या गणितात येत नाहीत, ते घाटात येतात.

१ एप्रिल २०१७ ला बीएस-४ देशभर लागू झालं, १ एप्रिल २०२० ला बीएस-६. आता पंपाला सील तोडायचा स्क्रूच राहिला नाही. किती तेल, कधी, किती वेळा, हे सगळं संगणक ठरवतो. स्क्रू गेला तसे संगणकाचा हा हिशेब बदलून देणारे चिपवाले आले.

गेल्या हंगामात शिवणीकडचा एक पोरगा नवा पिकअप घेऊन आला. काका, चिप टाकून देता का, म्हणाला, अकराच देते. मी म्हटलं आधी मोजू. भोकरच्या पंपावर टाकी तोंडापर्यंत भरली, फेस बसू दिला, पुन्हा भरली. त्याच पंपावर त्याच मालानं परत येऊन पुन्हा भरली. अकराच निघालं. मग टपावरचं रिकामं कॅरिअर उतरवलं, मागच्या टायरांत हवा बारा पौंडांनी कमी होती ती भरली, ताडपत्री दोन्ही अंगांनी ताणून बांधली, पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. परत तोच रस्ता, तोच माल, साठच्या आत काटा. साडेबाराच्या थोडं वर भरलं. पोरानं चिपचा विषय काढला नाही, पण कॅरिअर परत लावायचं का ते विचारलं, कारण लग्नसराईत टपावर मंडपाचे बांबू न्यायचे असतात. लग्नसराई आल्यावर लाव म्हटलं.